तेलोहाची पावलं

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मानूही नका. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी जशा घडल्या तशा सांगितल्या आहेत. एकदा लष्करात कपड्यांचं माप सांगितलं, एकदा चर्चमध्ये लग्नाला होकार दिला, आणि तिसरी ही. पहिल्या वेळी पॅण्ट तोकडी आली. दुसऱ्या वेळचं आंच्का सांगू शकली असती, पण ती नऊ वर्षांपूर्वी गेली.

स्वेचनित्सेच्या दुपारी, म्हणजे मेणबत्त्यांच्या सणाला, मिलेनाच्या खानावळीत मी नेमकं असंच म्हणालो. बाहेर बर्फ वितळत होता, पन्हळी ठिबकत होत्या. आत भिंतभर मातीची भट्टी तापलेली, आणि मिलेना कार्निव्हलचे क्रोफ तळत होती. जर्दाळूचा मुरंबा भरलेले, कडेला पांढरी रेघ राहिलेले. आम्ही चौघंच होतो. मी, मधमाश्यावाला विंको, कढईशी मिलेना आणि भट्टीच्या बाकावर विणत बसलेली रेझ्कावहिनी. ती अंडी द्यायला आली होती आणि पाय सुकवायला थांबली होती. माझ्या टेबलाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कुंडी होती. ती कुणाला दिसू नये म्हणून मी दोन्ही पाय तिच्यापुढे लांब केले होते.

"कर्का नदीतल्या त्या माशासारखं का?" विंको म्हणाला. "ज्यानं तुझी टोपी घालून तुला सलाम केला?"

मी म्हणालो, टोपी माझी नव्हती, पोस्टखात्याची होती. आणि आज मासा नाही. आज मातेव्झ.

मिलेनाचा झारा थबकला. रेझ्कावहिनीच्या सुया मात्र थांबल्या नाहीत. मातेव्झ तिचा नवरा. आणि ती माझ्याशी पावणेपाच वर्षं एक शब्द बोललेली नव्हती. कुंपणाला कुंपण लागून घर, रोज सकाळी दिसणार, मान हलवणार, पण तोंडातून शब्द नाही. माझ्या बायकोच्या पुण्यतिथीला बदामाची पोटित्सा करून फाटकाला टांगून गेली, हाक न मारता. तो केक मी रडत खाल्ला, आणि हेही खरं आहे. ती पुन्हा एकदा 'भावजी' म्हणून बोलावी, एवढ्यासाठी मी त्या दुपारी तोंड उघडलं होतं. विंको आणि मिलेना नुसते निमित्ताला.

तर तेलोह. आमच्या पोदलिपात बर्फाखालून पहिलं वर येणारं फूल ते. पुस्तकवाले त्याला हेलेबोर म्हणतात. जंगलात पांढरा उगवतो, उतारावर जांभळा, आणि आमच्यासारखे काही वेडे त्यांची लग्नं लावून घरच्या बागेत नवे रंग काढत बसतात. ही माळीकाम करणाऱ्यांची जात वेगळी. इतरांची फुलं वर बघतात, आमचं फूल मान खाली घालून उभं असतं, मोठ्यांपुढे नव्या सुनेनं उभं राहावं तसं. त्याचं तोंड बघायचं तर बर्फात गुडघे टेकायचे आणि दाढीचा आरसा त्याच्याखाली धरायचा. स्वेचनित्सेच्या आठवड्यात सगळं गाव आरसे खिशात घालून एकमेकांच्या बागांत फिरतं. आणि आमचा नियम एकच: ज्याच्या बागेत नवं फूल पहिल्यांदा उमललं, त्यानं त्याला नाव द्यायचं. एकदा नाव पडलं की पडलं.

मातेव्झ आणि मी लहानपणापासूनचे. तिशीत असताना आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून त्याच्या तळघरात वाइनचं पिंप उतरवत होतो. दोर तुटला, पिंप आम्हा दोघांच्या मधून गेलं आणि जाताना त्याचा एक पाय आणि माझा एक पाय चेचून गेलं. त्यानंतर दोघंही एक पाऊल बाहेर फेकून चालायचो. गावात म्हणायचे, या दोघांना मिळून बुटांचा एकच जोड पुरतो. आम्ही पण तसंच म्हणून हसायचो.

त्याला काळं फूल हवं होतं. काळपट नाही, जांभळं नाही. काळं. तीस वर्षं तो कुंचल्यानं एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावत आला, प्रत्येक देठाला लाल दोरा बांधत आला. शेवटी एक रोप असं आलं की त्याच्या कोवळ्या देठाचाच रंग काळा होता. कुंपणावरून त्यानं मला हाक मारली. म्हणाला, ब्लाझ, हे फुललं की याचं नाव 'रेझ्का'. तिला सांगू नको. मी सांगितलं नाही. ते ऑक्टोबरात. नोव्हेंबरात, सगळ्या संतांच्या दिवशी, कबरींवर मेणबत्त्या लावून आम्ही घरी आलो आणि मातेव्झ खुर्चीत बसला तो उठलाच नाही.

फेब्रुवारीत ते फुललं.

काय सांगू तुम्हाला. मी रेझ्कावहिनीच्या परवानगीनं गुडघे टेकले, मातेव्झचाच आरसा धरला, आणि आरशात बघितल्यावर मला वाटलं आरशाला भोक पडलंय. इतकं काळं. पिकल्या द्राक्षावर असतो तसा एक राखाडी धुरळा, पाकळीच्या कडेला खडूनं ओढल्यासारखी बारीक पांढरी रेघ, आणि मधोमध सोन्याच्या नळकांड्यांची गोल रांग. मी चौसष्टाव्या वर्षी बर्फात बसून पोरासारखा ओरडलो. वहिनीनं ओरडू दिलं. मग म्हणाली, बघा, पण हात लावू नका. याला बी धरू दे.

"आणि तू हात लावलास," विंको म्हणाला.

मी म्हणालो, मध्ये बोलू नकोस, तुझा क्रोफ गार होतोय.

तर बी. तेलोहाची शेंग जूनमध्ये पिकते आणि पिकल्याच दिवशी फुटते, म्हणून शेंगेला जाळीची पिशवी बांधतात. रेझ्कावहिनीनं आपल्या लग्नातला डोक्यावरचा झिरझिरीत पदर कापून तीन पिशव्या शिवल्या. प्रत्येकीला मातेव्झचाच लाल दोरा. मग आली जूनमधली चर्चची गुरुवारची मिरवणूक. सगळं पोदलिपा पाद्र्याच्या डोक्यावर धरायचा कापडी मांडव पालखीसारखा घेऊन शेतांतून फिरत होतं. मी घरी होतो, कारण माझा पाय सुजला होता, तो बादलीत घालून बसलो होतो. दुपारी मंडळी परत आली तेव्हा तीनपैकी एक पिशवी उघडी. आत बी नाही.

वहिनी कुंपणाशी आली. ती मला शेवटचं बोलली ते तेव्हा. "भावजी, पिशवी कुणी उघडली?" मी म्हणालो, मुंग्यांनी.

विंकोनं वाइनचा घोट घेतला. "मुंग्यांनी गाठ सोडली."

मी त्याला सांगितलं, तू मधमाश्या पाळतोस, मुंग्यांबद्दल तुला काय कळतं. तेलोहाच्या बीला एक गोड शेपटी असते. ती खायला मुंग्या बी उचलून नेतात, शेपटी खाऊन बी टाकून देतात. हे शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे. आमच्याकडच्या मुंग्या तर त्यात तरबेज. त्यांनी त्या पिशवीतले सदतीस दाणे कुंपणाखालून माझ्या बागेत आणले आणि माझ्या पेटीतल्या मातीत दोन-दोन इंचांवर ओळीनं लावले. त्यांना पाणी मात्र मीच घातलं.

मिलेना हसायला लागली. "ब्लाझकाका, त्या मुंग्यांनी पाटीवर तारीख पण लिहिली असेल."

लिहिली होती, मी म्हणालो, पण अक्षर वाईट होतं.

रेझ्कावहिनी हसली नाही. तिनं एक ओळ संपवून सुई फिरवली.

त्या हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ आलटून पालटून पडत राहिले आणि मातेव्झचं मूळ रोप कुजलं. उरलेल्या दोन पिशव्यांतलं बी वहिनीनं पेरलं, त्यातला एकही दाणा उगवला नाही. माझ्या पेटीत मात्र पुढच्या स्वेचनित्सेला एकतीस रोपं वर आली. दोन बाळपानं, बीचं काळं टरफल एकेका डोक्यावर टोपीसारखं.

आणि त्याच सकाळी मला पहिली पावलं दिसली.

इथवर तुम्ही हसलात ते ठीक. इथून पुढे मी मापं घेतली आहेत, आंच्काच्या शिवणकामाच्या फितीनं. कुंपणाला लागून, जिथे काही पेरलं नव्हतं त्या गवतात, तेलोहाचे कोंब उगवले होते. घोळक्यानं. एक घोळका, मग पासष्ट सेंटिमीटर मोकळी जागा, मग दुसरा. असे चार. प्रत्येक घोळका एकोणतीस सेंटिमीटर लांब, टाचेशी अरुंद, पुढे रुंद. एक किंचित डावीकडे, एक किंचित उजवीकडे. कुणीतरी रेझ्काच्या कुंपणावरून उतरून माझ्या घराकडे चार पावलं टाकावीत आणि मग विचार बदलावा, तसं.

मी म्हटलं, मुंग्या. कुंपणावरून बी सांडलं असेल. खुरप्यानं सगळं उपटलं, वर उकळतं पाणी ओतलं आणि घरात जाऊन सूप प्यालो.

दुसऱ्या वर्षी, त्याच आठवड्यात, ती चार पुन्हा होती आणि त्यांच्यापुढे अकरा नवी. विहिरीपर्यंत. मी पुन्हा गुडघे टेकले, या खेपेला आरशाशिवाय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळी पावलं सारखी नाहीत. उजवं सरळ पडलंय. डावं बाहेर वळलंय, अंगठा कुंपणाच्या बाजूला फेकलेला आणि टाचेशी रोपं दाट, वजन सगळं टाचेवर घेतल्यासारखं.

हा फेकलेला पाय मी आयुष्यभर ओळखतो. मी उठलो, विहिरीच्या कठड्याला धरलं आणि मोठ्यानं म्हणालो, अरे मातेव्झ, तू होय.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला इतका आनंद झाला की मी दिवसभर घरात फेऱ्या मारत होतो. माझा मित्र येत होता. वर्षाला दहाबारा पावलं का होईना, येत होता, आपलं फूल बघायला. मी काही उपटलं नाही. उलट कोंबड्या कोंडून ठेवल्या, त्यांनी उकरू नये म्हणून.

"तू तुझा बूट ठेवून बघितलास का त्याच्यावर?" विंकोनं विचारलं. चेष्टेच्या सुरात सुरू झालेला प्रश्न संपेपर्यंत चेष्टेचा राहिला नव्हता.

मी म्हणालो, कोवळ्या रोपांवर बूट ठेवायला मी काय वेडा आहे? आणि पुढे सांगायला लागलो, कारण तिसऱ्या वर्षीची गोष्ट त्याहून मोठी होती. तिसऱ्या वर्षी पावलं विहिरीला वळसा घालून आली. लक्षात घ्या, वळसा घालून. मुंग्यांना विहिरीच्या कठड्याची काय पर्वा? ती आली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीशी थांबली. पायरी दगडाची. शेवटचं पाऊल अर्धंच होतं, टाचेचं. पुढचा भाग दगडावर पडला असणार, आणि दगडावर काही उगवत नाही.

त्या वर्षी मी दाराला रात्री कडी लावली नाही. मित्राला कसली कडी.

चौथ्या वर्षी माझ्या रोपांना पहिली फुलं आली. एकतीसपैकी तीस साधी निघाली, कुणी मळकट, कुणी हिरवट. एकतिसावं काळं. तेच. तोच धुरळा, तीच खडूची रेघ, तीच सोन्याची नळकांडी. तेव्हा मला काय झालं हे माळीकाम न करणाऱ्याला कळणार नाही. मी नाचलो. चेचल्या पायानं. विंको, तू कुंपणावरून बघितलंस, नाही म्हणू नकोस.

"बघितलं," विंको म्हणाला. "मला वाटलं तुला गांधीलमाशी चावली."

मग मी ते केलं जे करायला नको होतं. मार्चमध्ये नोवो मेस्टोला फुलांचं प्रदर्शन असतं. मी ते रोप कुंडीत घालून नेलं, आणि पाटीवर नाव लिहिताना हात जरासा थांबला. जरासाच. मग मी लिहिलं, 'पोदलिपाचा ब्लाझ'. नियम तोच ना, ज्याच्या बागेत उमललं त्यानं नाव द्यायचं. मातेव्झच्या फुलाला मातेव्झनं नाव दिलं होतं, पण ते रोप मेलं होतं आणि ते नाव फक्त मला माहीत होतं.

आज ते मी पहिल्यांदा मोठ्यानं सांगत होतो. भट्टीच्या बाकावर सुया थांबल्या.

प्रदर्शनाला रेझ्कावहिनी आली होती. लोकांची गर्दी होती, फोटो काढत होते, मी टोपी मागे सारून उभा. तिनं हातमोजा काढला. एका बोटानं फूल वर केलं, जसं एखाद्या मुलीची हनुवटी उचलावी तसं. बघितलं. पाटी वाचली. बोट काढून घेतलं आणि फूल पुन्हा खाली वाकलं. ती गेली. मला पहिला नंबर मिळाला आणि त्याची रिबीन मी परतीच्या बसमध्ये सीटखाली टाकून आलो.

पण प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी, फूल उमललं त्याच आठवड्यात, एक झालं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळची वेळ. लख्ख ऊन. मी पलंगावर बसून मोजे शोधत होतो आणि खाली बघितलं.

आमच्या झोपायच्या खोलीची जमीन जुन्या ओकच्या फळ्यांची, फटी बोटभर. त्या फटींतून तेलोह वर आले होते. कोवळे, पांढुरके, उजेड न मिळाल्यासारखे. दोन घोळके. शेजारी शेजारी.

पलंगाला लागून. कुणी तिथे उभं राहिल्यासारखे.

आणि टाचा माझ्याकडे होत्या.

मी पाय वर घेऊन बसलो आणि खूप वेळ विचार केला. मग मला समजलं, आणि समजल्यावर डोळे भरून आले. तो आला होता. पायरी चढून, स्वयंपाकघर ओलांडून माझ्या उशाशी आला होता. पण त्यानं माझ्याकडे बघितलं नव्हतं. पाठ फिरवून उभा राहिला होता. रागावला होता तो. मी असतो तर मीही तसाच उभा राहिलो असतो.

मिलेनानं कढईखालचा विस्तव विझवला होता. तिनं हात पुसत विचारलं, मग पुढे काय झालं, काका.

पुढे हे वर्ष, मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच तरुण वाटला. हे वर्ष म्हणजे गोष्टीचा सगळा मुद्दा. मी काय केलं सांगतो. सप्टेंबरात त्या काळ्या रोपाचे मी दोन भाग केले. तेलोहाला मुळं हलवलेली सोसत नाहीत, मेलं तर दोन्ही मेलं असतं. मेलं नाही. मग मी जुनी पाटी चुलीत घातली. आणि वाट बघत बसलो.

गेल्या सोमवारी बर्फ हलला. मी आधी फळ्या बघितल्या. तिथे ती दोन होतीच, आणि त्यांच्यापुढे फटीफटीतून आणखी तीन, पुढच्या दाराकडे. मागच्या दाराकडे नाही, जिथून तो आला, पुढच्या. मी दार उघडलं. अंगणात होती. अंगणाबाहेर गल्लीच्या कडेला होती, मातीत, चाकोरीच्या मधल्या गवतात. उजवं सरळ, डावं बाहेर फेकलेलं. वर्षाला दहाबारा नव्हे. यंदा मी दोनशे चाळीस मोजली. उतारावर, लिपाच्या झाडाखालून, थेट स्मशानाच्या फाटकापर्यंत, आणि फाटकातून आत.

"ब्लाझ," विंको म्हणाला, "हे बघायला मी आत्ता उठून गेलो तर?"

जा, मी म्हणालो. मिलेना, तूही जा. मी म्हणूनच सांगतोय. आज सकाळी मीसुद्धा गेलो होतो. शेवटचं पाऊल पाण्याच्या नळाशी आहे, जिथे झाऱ्या टांगलेल्या असतात. कोंब आजच फुटलेत, टरफलं अजून डोक्यावर आहेत. तिथून वाट फुटते. उजवीकडे पाच पावलांवर मातेव्झ. डावीकडे तेवढ्याच अंतरावर आमची आंच्का. त्याच दगडावर माझंही नाव कोरलेलं आहे, जन्मसाल आणि पुढे रेघ. दगडवाला म्हणाला होता एकदाच छिन्नी लावतोय तर दोन्ही उरकून टाकू. नळापाशी अंगठा थोडा डावीकडे वळलाय खरा, पण तो पाय मुळातच तसा पडतो. म्हणजे बघा. मी पाटी जाळली, आणि तो निघाला. राग गेला त्याचा. बघून झालं, माफ करून झालं, आता तो आपल्या घरी चाललाय.

मी वाकलो, टेबलाखालची कुंडी उचलली आणि वर्तमानपत्र काढलं. तीन फुलं होती, माना खाली घातलेली. मातीत नवी पाटी खोवली होती, मी रविवारभर बसून रंगवलेली. तिच्यावर एकच नाव होतं. मी कुंडी बाकाच्या दिशेनं टेबलावर सरकवली.

रेझ्कावहिनीनं विणकाम मांडीवर ठेवलं. ती उठली, टेबलाशी आली, एका बोटानं फूल वर केलं आणि त्याच्या तोंडाकडे खूप वेळ बघत राहिली. मग पाटी वाचली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, पावणेपाच वर्षांत पहिल्यांदा सरळ. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"भावजी," ती म्हणाली.

एवढ्याचसाठी मी सगळं सांगितलं होतं. मी हसलोसुद्धा.

"पिंप दोघांच्या मधून गेलं. आमच्या ह्यांचा पाय उजवा होता. तीस वर्षं मलम मी चोळलंय." तिनं बोट काढून घेतलं आणि फूल खाली वाकलं. "डावा तुमचा."

विंको टेबलाखाली बघत होता. मीही बघितलं. माझा डावा बूट कुंडीच्या जागेवरून आपोआप बाजूला झाला होता, अंगठा दाराकडे वळवून.